कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या सुदेशला बोलायची मोठी हौस. लग्नात बोलेल, सोसायटीच्या मीटिंगीत बोलेल, आणि बोललेलं जिना उतरेपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. पोटचा आहे म्हणून झाकून ठेवणारी मी नाही.

बाळकुमला आमच्या भाताच्या शेतावर आता सतरा मजले उभे आहेत. नवव्यावर आम्ही. नात कृतिका हिने हट्टाने एक बारकं टेरियर कुत्रं आणलं आणि लग्न होऊन बंगळूरला गेली. कुत्रं पडलं माझ्या नवऱ्याच्या गळ्यात. टिल्लू त्याचं नाव. मांजराहून थोडा मोठा, डोळ्यांवर झिपऱ्या, लिफ्ट वाजली की घर डोक्यावर. खाली बागेत नेला की पुढच्या पायांनी माती उकरत सुटायचा. लोक तक्रारी करायचे. ह्यांना मात्र कौतुक. म्हणायचे, अख्ख्या घरात हा एकटाच अजून शेती करतो.

माघात हे गेले. दहाव्याला तलावाच्या काठी पिंड मांडला, शेजारी तळलेला बोंबील आणि विडी. कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. भाऊबंद एकेक करून बोलले. जमिनीचं भांडण मिटवू, म्हातारीला काही कमी पडू देणार नाही. म्हातारी म्हणजे मी. एक कावळा हलला नाही. ऊन चढलं. भटजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले, तसं मीच सुदेशला म्हटलं, अरे, कुत्र्याचं बोल.

त्याने हात जोडले. "बाबा, टिल्लूला मी सांभाळीन. घरातून हलवणार नाही."

सगळ्या गावाने ऐकलं. बोलणं संपतंय तोवर कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. मी तेव्हा रडले. त्याआधी रडले नव्हते.

टिल्लू दाराशी ह्यांच्या चपलेवर तोंड ठेवून पडायचा. म्हणून चपला मी उचलल्या नाहीत.

वैशाखात मी चार दिवस कोपरला बहिणीकडे गेले होते. परत आले, लिफ्ट वाजली, आणि आत कोणी भुंकलं नाही. सून ऐश्वर्या उगाच ओटा पुसत राहिली. सुदेश म्हणाला, शीळफाट्याला आपल्या गोदामात ठेवलाय, उंदीर फार झालेत तिथे, मजेत आहे. खरं म्हणजे याला सोसायटीचा चेअरमन व्हायचंय, आणि घरचंच कुत्रं बाग उकरतं, हे बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकटी शीळफाट्याला गेले. गोदामाचा वॉचमन शिवराम माझ्या नजरेला नजर देईना. मग म्हणाला, आजी, तिसऱ्याच दिवशी गेटखालची माती उकरून बाहेर पडला. बाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग, एकीखाली आला. साहेबांना फोन केलेला, ते म्हणाले घरी कळवू नको. भिंतीमागे शिवरामनेच त्याला पुरलेला, वर एक वीट ठेवलेली. गळ्यातला पट्टा त्याने धुऊन ठेवला होता, तो माझ्या हातात दिला.

घरी आले तर सुदेश जेवत होता. पट्टा मी त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो भात कालवतच राहिला. मग म्हणाला, कुत्रंच होतं आई, दुसरं आणू.

"सुदेश, माझ्या दहाव्याला तू तोंड उघडायचं नाही," मी म्हटलं. "कावळा नाही शिवला तर नको शिवू दे. भटजींना सांग, दर्भाचा करा. खरा एकदा तुझ्या शब्दावर खाली उतरला, तेवढं पुरे झालं."