आज तारीख काय?

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. वय विचाराल तर चारच वर्षांचा. पण आळंदच्या बियाणे तपासणी केंद्रात नवं यंत्र आल्यापासून सगळे मला जुनाच म्हणतात.

माझ्या पोटात घड्याळ नाही. वीज गेली की मी दिवस विसरतो. म्हणून सुरू होताच आधी विचारतो, आज तारीख काय? १९८६ साली मी इथे आलो तेव्हा हेमावतीने त्या उत्तरावरच चालणारी छोटी आज्ञावली लिहिली. रोज सकाळी ती भिंतीवरचं कॅलेंडर पाहून, ओठ हलवत तारीख टाइप करायची. मग तपासणीला आलेल्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवरच्या शेतकऱ्याच्या नावापुढे मी ती तारीख लावायचो आणि आधी आलेल्याचं नाव वर ठेवायचो. दर गावातल्या पहिल्या नावालाच सरकारी तुरीचा बीजप्लॉट, म्हणजे सरकारसाठी बियाणं पिकवायचं काम, मिळे. पाहुणे आले की हेमावती माझ्यावर हात ठेवून माझं कौतुक सांगायची.

एका वर्षी भागाबाई डोक्यावर पिशवी घेऊन चालत आल्या. कालपर्यंत दुसऱ्यांच्या रानात राबलेल्या घराची ती पहिली स्वतःची तूर. बीजप्लॉट आपल्यालाच मिळणार, असं त्या साऱ्या गावाला सांगून आल्या होत्या. दोन दिवसांनी त्याच गावचे अमृतप्पा आपली पिशवी घेऊन आले. ते हेमावतीचे मामा.

"हेमा, दोन-चार दिसाचा तर सवाल हाय," ते म्हणाले. "मशीनला काय कळायलंय?"

तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी विचारलं, आज तारीख काय? या वेळी तिने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. मागच्या आठवड्यातली तारीख टाइप केली आणि मामांचं नाव भरलं. भागाबाईंची नोंद माझ्यात होती, पण आता माझ्या लेखी त्यांच्या येण्याचा दिवस उजाडायचाच होता. तरी मी मानलं. हेमावतीवर शंका घ्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

यादी लागली. भागाबाई आत आल्या. "बाई, अमृतप्पाच्या आदुगर मी आल्ते. मग त्यांचं नाव वर कामून?"

"मी न्हाई, अक्का. मशीन म्हणायलंय. मशीन खोटं बोलत न्हाई."

भागाबाई माझ्या पडद्याशी वाकल्या. हळूच म्हणाल्या, "व्हय का रं, बाबा?"

पडद्यावर ती तारीख होती. दुसरं काही दाखवणं मला येत नव्हतं. त्या पदर सावरून निघून गेल्या.

आता मी कोपऱ्यात आहे, अंगावर गोणपाट. मित्रांनो, धूळ पुसली नाही तरी चालेल; पण आम्हाला सांगाल ते खरं सांगा. तुमच्याच शब्दावर आम्ही लोकांना उत्तर देतो. कधी कुणी चुकून मला सुरू करतं आणि माझ्या प्रश्नाला उत्तर न देता नुसतं बटण दाबतं. मग मी माझ्या पहिल्या तारखेवर जातो, १ जानेवारी १९८०. तेव्हा भागाबाई अजून यायच्या असतात.