कुलपाची नाडी

कुलूपबाबांनी औषधवाल्याच्या शटरचं कुलूप तळहातावर घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी हातात कात्री घेऊनच धावत आला होता. चष्मेवाल्याने तर गिऱ्हाइकाचा एकच डोळा तपासला होता, दुसरा चमत्कारानंतर तपासू म्हणून त्याला खुर्चीत तसाच बसवून ठेवलं होतं.

बाबांनी कुलूप उलटं केलं, तळावरून हळुवार अंगठा फिरवला आणि डोळे मिटले.

“नाडी लागली,” ते पुटपुटले. कुलपावर लाल फडकं पडलं, फडक्याखाली हात गेला, ओठ हलले आणि खट्! कुलूप उघडं.

“लोखंड हो हे, लोखंड!” बाबा गरजले. “माझ्या एका फुंकरीपुढे नमतं, ते चोरापुढे ताठ उभं राहील? दुकानाला कुलूप नको, कवच हवं!”

कवच म्हणजे काळा दोरा. शटरच्या कडीला सात वेढे घालायचे, की चोराचे हात जागीच लुळे पडणार. लुळा पडलेला एकही चोर अजून कोणी पाहिला नव्हता, पण दोऱ्यासाठी रांग मात्र वळसा घालून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेली होती.

या गल्लीत कुलपांचं दुकान एकच, ते माझं. चार दिवस गिऱ्हाईक नव्हतं. माझ्याकडे बघताना लोकांच्या नजरेत कीव असायची, जणू मी पावसाळा संपल्यावर छत्र्या मांडून बसलो होतो.

माझा जळफळाट होत होता हे कबूल करतो. पण खरी धडकी भरली ती ताईमुळे. माझ्या या मोठ्या बहिणीचा गल्लीच्या टोकाला शिलाईचा कारखाना आहे. अकरा मशीन, नऊ बायका. त्या मशीन थांबल्या तर नऊ घरांच्या चुली थांबतात. ताईने नुसता दोरा बांधला नव्हता, रात्रीच्या पहाऱ्यावरच्या खोकलेमामांनाही घरी बसवलं होतं.

“मामांना का काढलंस?” मी विचारलं.

“बाबा म्हणाले, पहारेकरी ठेवणं म्हणजे कवचावर अविश्वास.”

“ताई, मामांचा खोकला अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. तो ऐकून चोर आल्या पावली परत जात असेल.”

“तुझं दुकान चालत नाही म्हणून तू बोलतोयस. आणि ऐक, रविवारी कवच जागं करायचंय. सगळ्यांनी कुलपं काढून बाबांच्या टोपलीत टाकायची, शटरं नुसती खाली ओढायची. सकाळी सात ते बारा गल्लीत चिटपाखरू नको. माणसाची सावली पडली तर कवच जळून जातं.”

“म्हणजे साठ दुकानं उघडी, आणि बघायला कोणी नाही?”

“बाबा असतील ना!”

मी कपाळावर हात मारला. ताईने कारखान्याचं दार माझ्या तोंडावर लावलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागे मागे फिरलो. पाच कुलपं उघडली. घड्याळवाल्याकडे मात्र बाबांनी कुलूप उलटं करून पाहिलं आणि हात झटकले. “या माणसाचं मन अशुद्ध आहे. इथे लोखंड बोलत नाही.” बिचाऱ्या घड्याळवाल्याने घरी जाऊन बायकोसमोर तीन जुने गुन्हे कबूल केले. मी मात्र चमकलो. घड्याळवाल्याचं कुलूप त्याच्या वडिलांच्या काळचं होतं, चांगलं शेरभर वजनाचं. उघडलेली बाकीची सगळी माझ्या दुकानातली होती.

मी दुकानात येऊन उरलेलं एक कुलूप उलटं केलं. तळाला बारीक आकडा कोरलेला: दोन. चावीवरही दोन. आणि मला तो माल आठवला.

गेल्या वर्षी गल्लीतल्या दुकानदारांनी एकदम साठ कुलपं मागितली होती, स्वस्तात स्वस्त. मी तसा माल आणला, दोन-चार नग जास्तच. चाव्या लावताना मला दिसलं होतं की साठ कुलपांत चाव्यांचे नमुने फक्त चार आहेत. पण शेजाऱ्याच्या कुलपाला आपली चावी कोण लावून बघतंय, असं म्हणून मी मूग गिळून गप्प बसलो. बाबांनी मात्र ती लावून बघितली होती. अंगठा नाडी बघत नव्हता, आकडा वाचत होता. बाबांचं पितळ उघडं पाडायचं तर आधी माझं पडणार होतं.

रात्रभर नाही, पण दुपारच्या जेवणापर्यंत मी विचार केला. त्या अकरा मशीन डोळ्यांसमोरून हलेनात.

शनिवारी बाबांचा दरबार भरला, तसा मी पुढे झालो. खिशातला रुमाल काढला, ताईच्या कुलपावर टाकला, तोंडाने काहीबाही पुटपुटलो. खट्! शेजारच्या शिंप्याचं. खट्!

मग औषधवाला वाकून माझ्या पायाशी आला. “तुम्हालाही सिद्धी? आणि इतके दिवस आम्ही तुमच्याकडून नुसती कुलपं घेतली!”

“उठा हो!” मी ओरडलो. “सिद्धी नाही, चावी आहे! ताई, तुझी चावी लाव बघू औषधवाल्यांच्या कुलपाला.”

“माझी चावी त्यांना कशी लागेल?”

“लाव तर खरी.”

ताईने चावी घातली, फिरवली. कुलूप उघडलं. तिने आधी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

“चारच नमुने आहेत,” मी म्हणालो. “मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी.”

पुढची दहा मिनिटं गल्लीत नुसती धमाल. जो तो आपली चावी दुसऱ्याच्या कुलपात. न्हाव्याच्या चावीने सोनाराचं दुकान उघडलं आणि सोनार मटकन खाली बसला. घड्याळवाला तेवढा ताठ मानेने फिरत होता. फक्त ते तीन गुन्हे आता परत घेता येत नव्हते.

बाबा हळूच काढता पाय घेत होते. ताई आडवी आली. तिच्या हातात माझ्या दुकानातलं नवं, चांगल्या बनावटीचं कुलूप होतं.

“बाबा, याची नाडी बघा.”

बाबांनी ते उलटं केलं. तळ कोरा करकरीत. “याच्यात... श्रद्धा नाही,” ते म्हणाले.

“नसूच दे,” म्हणत ताईने त्यांच्या हातातलं लाल फडकं ओढलं. चार चाव्या खणखणत फरशीवर पडल्या.

रविवारी सकाळी आम्ही सगळे आपापल्या दुकानासमोर खुर्च्या टाकून बसलो. सव्वासातला एक रिकामा टेम्पो गल्लीत शिरला. आतल्या दोघांनी साठ माणसं पाहिली, “रस्ता चुकलो” म्हणाले आणि टेम्पो मागच्या मागे पळवला. नंबर आम्ही टिपून ठेवला होता. तो आणि रात्रभर ताईच्या कारखान्यात बसवून ठेवलेले बाबा, दोन्ही पोलिसांच्या हवाली केले.

आता खोकलेमामा परत आलेत, दोन्ही टोकांना दिवे लागलेत. कडीचे बोल्ट बाहेरून खोलता येत होते, ते आतून बसवले. साठही कुलपं मी पदरमोड करून बदलून दिली. मंत्र कुठेही लागला नाही, पाना मात्र लागला.

ताईचं नवं कुलूप द्यायला मी स्वतः गेलो. तिने ते उलटं केलं, तळ पाहिला. मग सरळ माझ्या दुकानात येऊन खुंटीवरच्या सगळ्या चाव्या काढल्या आणि एकेक लावत बसली.

“अगं, मी सांगतोय ना, चांगलं आहे!”

“बाबाही सांगतच होता,” ती म्हणाली आणि पुढची चावी घेतली.

मला राग यायला हवा होता. पण मी शेजारी बसलो आणि तिला चाव्या देत राहिलो. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. कोणी फुंकर मारून कुलूप उघडो, की कोणी छातीठोकपणे कुलूप विको, त्याच्या शब्दावर जाऊ नका. कुलूप उलटं करा आणि दुसरी चावी लावून बघा.

ताईने त्या दिवशी सत्तेचाळीस चाव्या लावल्या. एकही लागली नाही, तेव्हाच तिने कुलूप घेतलं.