सैल सोडलेला क्लच

लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक जीप जतच्या दवाखान्याने घेतली, पण ती चालवायला माणूस मिळेना. माळावरच्या वस्त्यांवर बाळंतिणींकडे जावं लागे ते सांगलीच्या शरयू नर्सला. तिनेच विचारलं, "मी चालवली तर?"

दवाखान्याचे विश्वस्त जिनपालअण्णा हसले नाहीत. म्हणाले, "शिकून घे. सांगलीतनं मिरजेपत्तोर मला बसवून न्हे. जमलं, तर गाडी तुझ्या ताब्यात."

शिकवलं तिच्या थोरल्या भावानं. मधुकर ब्रह्मदेशात लष्कराचे ट्रक चालवून आला होता. त्याने तिला चिखलात, चढावर, ओढ्याच्या वाळूत गाडी घालायला लावली. गाडीखाली शिरून एकेक भाग ओळखायला लावला. आई कुरकुरली की तोच म्हणे, "तिला जमतंय. शिकू दे."

परीक्षेच्या सकाळी मात्र सांगलीच्या घरासमोरच गिअर पडेना. क्लच तळापर्यंत दाबला तरी दांडा अडे आणि आतून दात करकरत. शेजारी बसलेल्या अण्णांनी नजर वळवली. मधुकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "राहू दे शरू. बाईमाणसाच्या हाताला तेवढा जोर नसतो."

असं बोलणं तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

अण्णा चहाला घरात गेले. शरयूने इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. इंजिन चालू केलं, की पुन्हा करकर. म्हणजे गिअर ठीक होते, क्लच पुरता सुटत नव्हता. तिने पेडल हाताने दाबलं, तर निम्म्यापर्यंत ते रिकामंच खाली गेलं. पदर खोचून ती गाडीखाली शिरली. सगळीकडे वाळलेला चिखल. क्लच ओढणाऱ्या तारेच्या टोकाचा नट तेवढा स्वच्छ, त्यावर पान्याचे ताजे ओरखडे.

काल संध्याकाळी गाडीखाली दादाच गेला होता.

ती बाहेर आली. "तू सैल केलास?"

मधुकरने मान खाली घातली. "वाईचं स्थळ आलंय. गाडी हाकणारी सून नको म्हणतात. आईने शपथ घातली मला."

"मग मला तसं सांगायचंस."

"तू ऐकलं नसतंस. अशाने तुझं तुलाच वाटलं असतं, की जमत नाही..."

"आणि मी जन्मभर तेच खरं मानलं असतं."

तिने पाना मागून घेतला, पेडलला बोटभर मोकळी चाल राहील इतका नट आवळला. पहिला गिअर मऊ पडला.

"काय झालंतं?" चहा घेऊन बाहेर आलेल्या अण्णांनी विचारलं.

"क्लच सैल पडला होता."

मधुकर मागे चढू लागला. "तू नको येऊस," ती म्हणाली.

मिरजेला पोचल्यावर अण्णा म्हणाले, "न्हे पोरी गाडी जतला." तिने मान डोलावली. हे ज्याला धावत जाऊन सांगावं, असा एकच माणूस होता, आणि आता त्याला सांगावंसं वाटेना.

वाईचं स्थळ फिसकटलं. भाऊबीजेला मधुकर जतला आला. तिने ओवाळलं, पान वाढलं.

"गाडी एकदा बघू का?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात भात वाढला.