जिन्यातलं स्टूल

आठवड्याचे साडेपाच दिवस मी कागद कारखान्यातले पंप सांभाळतो आणि गुरुवारी दुपारी दोन ते चार विद्यापीठात शिकवतो. माझ्या विषयाचं नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नाही: यंत्रांचं दोषनिदान आणि पूर्वानुमान. पहिल्याच तासाला मी सांगून टाकतो, बाळांनो, घाबरू नका, यात प्रश्न दोनच आहेत. यंत्राला काय झालंय आणि ते अजून किती दिवस चालेल? पोरं माझ्यामागे मला बेअरिंगकाका म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. पूर्णवेळ प्राध्यापक मला चहाला बोलावतात, बैठकीला नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

त्या गुरुवारी पाच वाजता हिला घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. हिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. झडप बदलता येते, पण बाकीचं हृदय ऑपरेशन सोसण्याइतकं धड आहे की नाही, हे डॉक्टर सगळ्या तपासण्या बघून त्या दिवशी सांगणार होते. मी रजा टाकतो म्हटलं, तर ही म्हणाली, "घरात बसून माझं तोंड बघणार का? जा. पोरांचं नुकसान नको."

हे सगळं उघडकीला आणलं ते लेकीनं. नोकरीच्या गावाहून ती दोन वर्षांनी घरी आली, जिन्यात आईच्या मागून चढली आणि वर आल्या आल्या माझ्यावर कडाडली, "बाबा, आई अशी कधीपासून चढते?"

मी विचारलं, "अशी म्हणजे कशी?"

मी वेड पांघरत नव्हतो. मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेकच आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि रजा संपली म्हणून रडत परत गेली.

तर त्या गुरुवारचा धडा होता अलार्मचा. अकरा वर्षं मी तो एकाच गोष्टीवर शिकवत आलोय. आमच्याकडे चार नंबरच्या पंपावर एक ऑपरेटर होता. खुर्चीवरून उठायचा नाही म्हणून सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. पंपाची थरथर मीटरवर साडेचारच्या वर गेली की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजायचा. साहेबांना त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला. त्यांनी मर्यादा साडेचारची पाच केली. अलार्म गप्प. महिन्याभरानं परत वाजला, तेव्हा सहा केली. मग साडेसात. पुढे पुढे पंप गदागदा हलत होता आणि कंट्रोल रूममध्ये कशी छान शांतता! एके दिवशी आतला शाफ्ट मोडला, बाहेरचं केसिंग फुटलं आणि साहेब आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उठले, ते थेट कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन थांबले.

इथे वर्ग हसतो. त्या दिवशीही हसला. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं मात्र हात वर केला.

"सर, पण पंप हलताना त्यांना दिसत नव्हता का?"

"रोज बघणाऱ्याला दिसत नाही. कालच्यापेक्षा आज जरासंच जास्त असतं. म्हणून तर आपण नोंदी ठेवतो."

"मग मर्यादा वाढवताना त्यांना काय वाटत असेल?"

कामचुकारपणा, दुसरं काय, हे माझं ठरलेलं उत्तर अगदी ओठांवर होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "त्यांना वाटत असेल, चला, आपण काहीतरी केलं."

आणि बोलता बोलता मला आमच्या जिन्यातलं स्टूल आठवलं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी बाजारातून येताना ही तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबायला लागली. मी लगेच रविवारी एक स्टूल आणलं. डुगडुगू नये म्हणून पायांना रबर बसवलं, कुणी पळवू नये म्हणून कठड्याला तारेनं बांधलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, नवरा असावा तर असा!" त्यानंतर आठ दिवस मी छाती पुढे काढून जिना चढत होतो. पुढच्या वर्षी ही दुसऱ्या मजल्यावरच थांबायला लागली, तर मी तिथेही एक स्टूल ठेवलं. का थांबतेस, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. साडेचारची पाच, पाचची सहा.

हातातला खडू मी खाली ठेवला आणि वर्ग वीस मिनिटं आधी सोडला. पोरांना आनंद झाला, तो होणारच.

डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "चढताना दम लागणं नेमकं कधी सुरू झालं?"

सवयीनं माझा हात खिशातल्या वहीकडे गेला. त्या वहीत एकतीस पंपांची दर आठवड्याची रीडिंग आहेत. कुठल्या बेअरिंगनं कोणत्या महिन्यात कुरकुर सुरू केली, ते विचारा, तारखेनिशी सांगतो. घरातल्या माणसाची एक ओळ नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"यांनी पहिलं स्टूल ठेवलं ना," ही शांतपणे म्हणाली, "त्याच्या आठ-दहा दिवस आधी. दोन वर्षं झाली."

डॉक्टरांना स्टुलाचं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा बाहेर येता का?"

साहेब म्हणाले ते मला!

"काय असेल ते माझ्यासमोर सांगा," ही म्हणाली. "जिना मलाच चढायचाय."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बेधडक ऑपरेशन केलं असतं. आता हृदयाचा स्नायूच थकून गेलाय, ऑपरेशन झेपणार नाही. औषधांनी त्रास कमी ठेवू. माझ्या विषयातला दुसरा प्रश्न मला विचारवेना, तोही हिनंच विचारला. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने. फार तर दीड वर्ष."

टॅक्सीनं घरी आलो. जिन्यात ही दुसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी आली आणि स्टुलावर बसली. मी समोर उभा राहिलो.

"उद्या ही दोन्ही स्टुलं फेकून देतो," मी म्हणालो.

"का? त्यांनी काय केलंय?"

"अगं, तुला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी स्टूल आणलं! जगाला शिकवत फिरतो आणि घरात..."

"आणि मी डॉक्टरकडे न्या म्हणायचं सोडून त्यावर बसले." तिनं जरा दम खाल्ला. "खरं सांगू? तुम्ही ते पहिलं स्टूल आणलंत ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं! तीस वर्षांत घरातला नळ गळताना तुम्हाला कधी दिसला नाही. मी थांबते हे दिसलं. म्हटलं, आता आणखी त्रास होतो म्हणून सांगितलं, तर तुम्हाला वाटेल स्टूल फुकट गेलं."

मला रडू आवरेना. तिसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन उतरत होते, ते माझ्याकडे न बघता भिंतीच्या कडेनं निघून गेले.

ही म्हणाली, "सहा महिने की दीड वर्ष? तुम्ही कारखान्यात काय धरता?"

"खालचा आकडा."

"मग तोच धरा. उगाच घोळ नको." ती उठायला लागली, परत बसली. "पहिल्या मजल्यावरही एक लागेल आता. पण आणाल तिथे दोन आणा."

"दोन कशाला?"

"तुम्ही समोर उभे राहून घड्याळ बघता, मला घाई होते. तुम्हीही बसत जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्टुलं आणली. पहिल्या मजल्यावर दोन, आणि वरच्या दोन्ही ठिकाणी आणखी एकेक. रबर बसवलं, तारेनं बांधली. घड्याळ घरी ठेवून आम्ही बसायचो. काकूंची निंदा, लेकीचं कौतुक, माझी नक्कल, सगळं त्या जिन्यात झालं. तीस वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

सात महिने मिळाले. खालचा आकडा जवळजवळ बरोबर निघाला.

वर्गात मी आता साहेबांची गोष्ट सांगतो तेव्हा पोरं पूर्वीसारखी हसत नाहीत. कदाचित मला ती नीट सांगता येत नसेल. संध्याकाळी घरी येतो. मला चढताना दम लागत नाही, तरी तिन्ही मजल्यांवर थोडा वेळ बसतो. माझ्याच स्टुलावर.