फुंकर

प्रयोगशाळेतल्या माश्यांच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला माशीबाई पहिल्याच दिवशी विचारायच्या, "माशीच्या पोटात कोण राहतं?"

नवा माणूस गोंधळायचा. "कोणी नाही."

"कोणी नाही कसं? अख्खं गाव नांदतंय तिथं!" म्हणत बाई स्टूल पुढे ओढायच्या आणि शिकवायला बसायच्या. फळावर घोटाळणारी ती चिमुकली माशी अंडी घालते, तेव्हाच अंड्याच्या कवचाला जिवाणू लागलेले असतात. अळी बाहेर पडते आणि पहिल्या घासाबरोबर हे पाहुणे तिच्या पोटात मुक्कामाला जातात. अळी नुसती खात सुटते आणि पोटातली वस्तीही तशीच फोफावते. मग एक दिवस ती खाणं सोडते, बाटलीच्या काचेवर चढते आणि कोष करून बसते. आत जुनं शरीर विरघळतं, नवं घडतं. पोटसुद्धा नवं. जुन्या वस्तीतले बहुतेक तिथंच संपतात, काही चिवट तेवढे माशीपर्यंत टिकतात. "घर पाडून नवं बांधायचं आणि भाडेकरू आतच ठेवायचे, म्हणजे सोपं आहे का?" हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

सव्वीस वर्षं त्या या खोलीत होत्या. बाटल्यांत खाणं भरणं, पिढ्या सांभाळणं, माश्या एका बाटलीतून दुसरीत हलवणं, सगळं त्यांच्याकडे. बाटल्या धुणारे काका म्हणायचे, "माशीबाईंच्या हातून चूक होईल त्या दिवशी माश्या मध द्यायला लागतील."

या वर्षी आलेल्या मुलीला सगळे नुसतं 'पोरगी' म्हणत. बारीक अंगाची, वहीत सगळं दोनदा लिहिणारी. कोणते भाडेकरू कोषातून निभावून जातात, हे शोधणं तिचं काम. त्यासाठी तिला आधी पोटात एकही जिवाणू नसलेल्या माश्या हव्या होत्या. खोलीत त्यांना 'कोऱ्या माश्या' म्हणत. अंडी औषधात धुवायची, वाफेवर शिजवलेल्या खाण्यावर ठेवायची आणि पुढे बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही. कोरी पाटी असेल तरच तिच्यावर एकेक अक्षर काढून बघता येतं.

पण पाटी कोरी राहीना. अळी तपासली, कोरी. कोष तपासला, कोरा. माशी तपासली, तर पोट भरलेलं! एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. प्रत्येक फेरीला बारा दिवस. पोरगीला आधी वाटलं, कोषातच कुणीतरी दडून बसत असणार. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना ते पटेना.

"कोषात दडत नाहीत, तुझ्या नखांत दडतात," सर सोमवारच्या बैठकीत म्हणाले. ते अक्षरशः हात धुऊन तिच्या मागे लागले होते. "आणखी एक फेरी. तीही गेली तर हे काम दुसऱ्या कुणाकडे देईन."

बाई शेजारीच होत्या. त्यांनी पोरगीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना घाई फार. हळूहळू शिकेल." सगळे हसले. पोरगीही हसली. तिच्या बोटांची कातडी स्पिरिटने सोलवटून निघाली होती.

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. माशीच्या पोटातले जिवाणू कोणत्या जातीचे, ते त्यावर लिहिलेलं होतं. पोरगी तो घेऊन थेट माश्यांच्या खोलीत आली.

"बाई, हे बघा ना. हे माशीचे नाहीतच. माणसाच्या तोंडातले आहेत."

"तोंडातले?"

"थुंकीतले. म्हणजे मी काम करताना बडबडत असणार. मला सवयच आहे, आई पण ओरडते." तिने स्वतःच्या कपाळावर चापट मारली. "उद्यापासून तोंडाला दुहेरी कापड बांधते. बाई, तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसून बघाल? कुठं चुकतंय ते तुम्हालाच कळेल."

बाईंना कळलं होतं. तिथल्या तिथं, कागद हातात असतानाच.

कोषातून माश्या पहाटे पहाटे बाहेर पडतात. त्यांना नव्या बाटलीत हलवायचं काम बाईंचं. कोऱ्या माश्यांसाठी सरांनी छोटा पंप आणून ठेवला होता आणि तोच वापरायचा असा नियम होता. पण पंप घरघर करत एकेक माशी ओढायचा, आणि बाईंच्या खिशात त्यांची जुनी नळी होती. एक टोक तोंडात, मध्ये जाळीचा तुकडा, दुसरं टोक बाटलीत. श्वास ओढला की दहा माश्या नळीत, फुंकर मारली की दहाच्या दहा नव्या बाटलीत. सव्वीस वर्षांत एक माशी दुखावली नव्हती. जाळी माशीला अडवते. श्वासाबरोबर येणाऱ्या जिवाणूला ती काय अडवणार! हे बाईंनी इतरांना शंभरदा शिकवलं होतं.

"बसेन की," त्या म्हणाल्या.

त्या खरंच बसल्या. पोरगी अंडी धुताना त्यांनी तासभर पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी पोरगीने मान वर करून "कुठं चुकलं?" असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ते झाकण जरा तिरकं धर."

झाकण तिरकं धरल्याने काहीही होत नाही.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. "मग सांगून टाक," तो म्हणाला. "झाली चूक. कोण फाशी देणार आहे तुला?" त्याला सोपं होतं. त्याला कुणी माशीबाई म्हणत नव्हतं. बाईंनी स्वतःशी हिशेब मांडला, आपण गुपचूप पंप वापरू, फेरी कोरी निघेल, पोरीचं काम वाचेल. कुणाचंच नुकसान नाही. रोज सकाळी त्या हाच हिशेब नव्याने मांडत आणि रोज पोरगी "गुड मॉर्निंग बाई, झाकण तिरकं धरतेय हं" म्हणाली की तो चुकत असे. पोरगी दुहेरी कापडातून घुसमटत काम करायची. दिवसभर कुणाशी बोलायची नाही. डबासुद्धा बाहेर पायरीवर बसून खायची.

माश्या बाहेर पडल्या त्या पहाटे बाईंनी पंप लावला. एकेक करत दोन तास लागले. फेरी कोरी निघाली.

सोमवारी सरांनी कागद उंच धरला. "चला! शेवटी हात धुवायला शिकली म्हणायची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका दारातून ओरडले, "पेढे कधी?" पोरगी उभी राहिली. लाजून म्हणाली, "माझंच चुकत होतं, सर. मी बोलत बसायचे. बाईंनी शेजारी बसून शिकवलं म्हणून जमलं. थँक्यू, बाई."

टाळ्या बाईंकडे वळल्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते उगाच नाही म्हणत.

"तिचं चुकत नव्हतं," बाई म्हणाल्या.

टाळ्यांमुळे कुणाला ऐकू गेलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तिचं काही चुकत नव्हतं. तिन्ही वेळा माश्या मी हलवल्या, तोंडाने. पंप वापरला नाही. या वेळी वापरला."

सर खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही, बाई?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग घाईघाईने म्हणाले, "असो, असो. होतं असं. जुनी सवय."

पण पोरगी बसली नव्हती. "बाई, तुम्हाला हे कधी कळलं?"

हा प्रश्न येणार, हे बाईंना ठाऊक होतं. फुंकरीचं उत्तर सोपं होतं. हेच अवघड होतं.

"तू कागद आणलास तेव्हा."

पोरगीने बोटांवर मोजलं. मोजताना तिचे ओठ हलले. "तेरा दिवस," ती म्हणाली. "आणि झाकण?"

बाईंनी मान खाली घातली. "काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

पोरगी वही उचलून निघून गेली. सर काहीतरी समजुतीचं बोलत होते, बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. काकांनी दारातून बाजूला होत त्यांना वाट करून दिली. एरवी ते एक तरी टोमणा मारत.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मागोमाग लावून ठेवलेल्या पुढच्या फेरीच्या माश्या बाहेर पडायच्या होत्या. बाई पोचल्या तेव्हा खोलीत दिवा होता. पोरगी पंपाशी बसून एकेक माशी ओढत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"दार उघडं आहे, वारा येतोय," ती म्हणाली.

बाईंनी कडीला हात घातला आणि तशाच थांबल्या. "आतून लावू, की बाहेरून?"

पंप घरघरत राहिला. पोरगीने पंपातली माशी बाटलीत सोडली, वर कापसाचा बोळा दाबला, चिठ्ठीवर तारीख घातली. मग दुसरी बाटली उचलली.

"आतून," ती म्हणाली. "पण माश्या मीच हलवणार."

बाईंनी दार आतून लावलं, आणि शिकणारा बसतो त्या स्टुलावर जाऊन बसल्या.