डावा कान

"अगं ए पोरीऽ!"

कानाच्या दवाखान्यात बसलेल्यांच्या सगळ्या माना वळल्या. ती तिथं कान तपासायचं काम करायची. दारात तिचा मामा उभा होता. फरशी चकचकीत दिसली म्हणून चपला हातात घेतलेल्या.

त्यांचं गाव डोंगरउतारावर विखुरलेलं. तिथं माणसं बोलत नाहीत, हाका मारतात. आणि डोक्यावर भारा असला तर मागं वळून न बघता नुसता हात वर करून ओ देतात. शहरात आल्यावर तिनं आधी काय केलं असेल, तर आवाज खाली आणला. हसतानासुद्धा तोंडाला रुमाल. छातीत सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही.

"तुमचे कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मामाला हल्ली ऐकू येत नाही, असं आई फोनवर म्हणाली होती. त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवता बसवता ती पुटपुटली,

"छे हो! खेड्यातली माणसं ही, दिसेल तिला पोरगी म्हणतात."

मामा नुसता हसला. चला, ऐकू गेलं नाही म्हणायचं. तिच्या जिवात जीव आला.

तपासणीच्या खोलीत तिनं त्याला हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसली. उजव्या कानात मोठा आवाज सोडला, तरी मामाचं बोट हललं नाही. मग डावा कान. बोट लगेच दाबलं गेलं. तिनं आवाज कमी केला. दाबलं. आणखी कमी केला. अगदी पुटपुटण्याइतका केला, तरी दाबलंच.

मघाशी ती त्याच्या डाव्या बाजूलाच उभी होती.

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. ती शिकायला निघाली तेव्हा हाच माणूस तिची ट्रंक डोक्यावर घेऊन अख्खा डोंगर उतरला होता. हेडफोन काढताना तिला मान वर करवेना.

"मामा..."

"येतो, मॅडम," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू. "फार नीट तपासलंत."

ती खिडकीशी गेली. मामा गर्दीतून रस्ता ओलांडत होता. तिनं खिडकी उघडली आणि गावाकडची लांब हाक मारली.

"मामाऽऽऽ!"

एवढी वर्षं जिथं अडकल्यासारखं वाटायचं, तिथूनच ती हाक निघाली. मागं डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

मामा वळला नाही. चालता चालता त्यानं हात वर केला.