चोवीसचे शहाण्णव

मी हादरे मोजणारा सेन्सर बोलतोय. अंगाने नखाएवढा आहे, पण खालमानेने बोलायची मला सवय नाही. आज तर तसं मुळीच बोलणार नाही.

एका मोठ्या लॉन्ड्रीत कपडे पिळणाऱ्या यंत्राच्या मोटरवर मला बसवलं. काम एकच. मोटर किती थरथरते ते सेकंदाला हजार वेळा मोजायचं आणि आकडा पुढे करायचा. आकडे साठवायला माझ्याकडे जागा नाही. पहिला कुणी उचलला नाही, तर दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो. उचलायचं काम शेजारच्या लॉगरचं. तो एकेक आकडा एकेका ओळीत फाइलमध्ये लिहितो.

इथल्या फिटरला सगळे काका म्हणतात. मोटरवर तळहात ठेवून ते म्हणाले होते, "बेअरिंग जातंय. लवकर बदला, मावशी दिवसभर इथंच उभी असते." मावशी ते यंत्र चालवते.

"काका, हाताचं काय सांगता? ग्राफ दाखवा," मॅनेजर म्हणाले. म्हणून आमची नेमणूक झाली.

ग्राफ काढणारी इंजिनिअर ताई. मोटर सेकंदाला चोवीस फेरे घेते, ग्राफमध्ये दिसले शहाण्णव. ताई वैतागली. "हासुद्धा सेन्सर बोगसच निघाला!"

बोगस! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्याआधी माझे दोन भाऊ याच मोटरवर बसले होते. त्यांचेही शहाण्णवच आले, आणि दोघांची रवानगी भंगाराच्या डब्यात झाली. एकाची तर वायर मुळापासून कापली. अहो, आम्ही तिघांनी संगनमत करून एकच आकडा ठरवला होता का? शिकलेल्या माणसांना एवढा साधा प्रश्न पडू नये? बिघाड दिसला की सगळ्यात लहान असेल त्याची मानगूट धरायची, ही कुठली रीत?

ताईने मला उपटायला पक्कड उचलली. काका मध्ये पडले.

"थांब गं पोरी. दहा सेकंदांत ओळी किती यायला हव्यात?"

"दहा हजार."

"मोजल्यास?"

कुणीच मोजल्या नव्हत्या. काकांनी भिंतीवरच्या घड्याळावर दहा सेकंद धरले. फाइलमध्ये ओळी निघाल्या अडीच हजार!

चारातले तीन आकडे वाटेतच गळत होते. अडीच हजार ओळी म्हणजे अडीच सेकंद, असं ग्राफ काढणारा प्रोग्राम समजत होता. दहा सेकंदांचे फेरे त्याने अडीच सेकंदांत कोंबले.

आणि आकडे गळत का होते? पाहुण्यांना दाखवायला स्क्रीनवर आकडे पळताना हवेत, हा मॅनेजरांचा हट्ट. लॉगर प्रत्येक आकडा आधी स्क्रीनवर छापायचा, मग फाइलमध्ये लिहायचा. तेवढ्यात माझे पुढचे तीन येऊन गेलेले असायचे.

ताईने ते छापणं बंद केलं. आकडे एकेक न लिहिता गठ्ठ्याने लिहायला लावले. पुन्हा दहा सेकंद धरले. ओळी पूर्ण दहा हजार. फेरे चोवीस, आणि त्यांच्या शेजारी बेअरिंगचे बारीक, भरभर ठोके.

"पण मग पाहुण्यांना काय दाखवायचं?" मॅनेजर कुरकुरले.

काकांनी मोटर उघडली आणि बेअरिंग मॅनेजरांच्या हातात ठेवलं. आतल्या गोळ्यांचे टवके उडाले होते. "हे दाखवा."

मावशीने ते पाहिलं आणि ती यंत्रापासून दोन पावलं मागे सरकली. "मी याच्या शेजारी उभी होते?"

ताई मला हळूच "सॉरी" म्हणाली. मी ते घेतलं नाही. डब्यातला एक भाऊ आता शेजारच्या यंत्रावर आहे आणि तोही चोख चोवीस सांगतो. वायर कापलेला मात्र अजून भंगारातच पडलाय. त्याला तुमचं सॉरी ऐकू जाणार नाही.

मी अजून याच मोटरवर आहे, आणि ठणकावून सांगतो. उद्या माझ्याकडे पक्कड घेऊन याल, तेव्हा आधी ओळी मोजा. त्या भावाच्या कुणी मोजल्या नाहीत.